तोतया, नट आणि न सापडलेला देह

पानिपतचा धडा शिकवून संपला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा विद्यार्थी दरवर्षी निराळा, प्रश्न मात्र तोच. "सर, भाऊसाहेबांचा तोतया लोकांना ओळखता कसा आला नाही? आपलाच माणूस ओळखायला असा कितीसा वेळ लागतो?" या प्रश्नाला मी बरीच वर्षे एक ठराविक उत्तर देत आलो. त्या काळी छायाचित्रे नव्हती, थोरामोठ्यांना जवळून पाहिलेली माणसे थोडी, त्यातली पुष्कळशी रणांगणावरच पडलेली; मग ओळखायचे कोणी? हे उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. ते अपुरे का आहे, हे मला अगदी अनपेक्षित ठिकाणी उमगले. ते ठिकाण म्हणजे दूरचित्रवाणीवरील एका अमेरिकन विज्ञानमालिकेचा एक भाग.

विज्ञानकथा म्हटली की आपल्या कला शाखेच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. अग्निबाणे, परग्रहावरचे चित्रविचित्र प्राणी, लुकलुकणारे दिवे, म्हणजे एकंदरीत मुलांची करमणूक, असा आपला समज असतो. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत तयार झाली आणि १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही दाखवली गेली. त्या वेळच्या पुष्कळांना त्यातले टोकदार कानांचे स्पॉक महाशय तेवढे आठवत असतील. परंतु या मालिकेत ८ डिसेंबर १९६६ रोजी सादर झालेला एक भाग असा आहे की, त्यात यंत्रे नावापुरतीच आहेत. त्याचे नाव 'द कॉन्शन्स ऑफ द किंग', म्हणजे राजाची सदसद्विवेकबुद्धी. लेखक बॅरी ट्रायव्हर्स. हे शब्द शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधले आहेत, हे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच. प्रस्तुत लेखात या भागाची चर्चा करावयाची आहे आणि त्याच्या उजेडात आपल्या इतिहासातील तोतयाकडे पुन्हा एकदा पाहावयाचे आहे.

कथानक

प्रथम कथा थोडक्यात पाहू. टार्सस नावाच्या दूरच्या ग्रहावर माणसांची एक वसाहत होती. लोकसंख्या आठ हजार. एका बुरशीने तिथला धान्यसाठा नासला. मदतीची जहाजे वेळेवर येतील अशी आशा उरली नाही. तेव्हा कोडोस नावाच्या गव्हर्नराने सत्ता हाती घेतली आणि एक भयंकर हिशेब मांडला. निम्मी माणसे मेली तर निम्मी जगतील. कोण जगण्यास लायक, हेही त्यानेच ठरवले आणि चार हजार माणसांना मृत्युदंड दिला. दैवाचा खेळ असा की, मदतीची जहाजे अपेक्षेपेक्षा लवकर आली. ती हत्या अनावश्यक ठरली. नंतर एक जळालेला देह सापडला. तो कोडोसचा असे गृहीत धरून प्रकरण मिटवण्यात आले. देहाची खात्रीची ओळख मात्र पटलेली नव्हती.

या घटनेला वीस वर्षे लोटली आहेत. कोडोसला प्रत्यक्ष पाहिलेले साक्षीदार अवघे नऊ. त्यांपैकी एक आपला कथानायक कॅप्टन कर्क. त्याच्या जहाजावरचा तरुण अधिकारी रायली हा दुसरा. त्याचे आईवडील त्या हत्याकांडात गेले. तिसरा डॉ. लेटन. त्याचा अर्धा चेहरा तेव्हाच उद्ध्वस्त झालेला, तो काळ्या आच्छादनाखाली झाकलेला असतो. गावोगाव शेक्सपिअरची नाटके करीत हिंडणाऱ्या एका नाटक मंडळीचा प्रमुख नट अँटन कॅरिडियन हाच कोडोस आहे, असे लेटन कर्कला सांगतो. कर्कचा विश्वास बसत नाही. त्याच रात्री लेटनचा खून होतो. मग कर्क चौकशी करतो, तेव्हा कळते की बाकीचे साक्षीदारही एकामागून एक मेलेले आहेत आणि प्रत्येक वेळी ही नाटक मंडळी जवळपास होती.

कर्क युक्तीने मंडळीला आपल्या जहाजावर घेतो. तपासासाठी तो नटाच्या लेनोर या मुलीशी सलगी करतो. तिच्याशी गोड बोलण्यातही त्याचा एक डाव आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. या कथेत खोटे बोलत नाही असे पात्र जवळजवळ नाहीच. रायलीच्या दुधात विष घातले जाते. तो कसाबसा वाचतो. कर्कच्या खोलीत स्फोट होईल अशी योजना होते. शेवटी जहाजावर 'हॅम्लेट'चा प्रयोग चालू असता पडद्यामागे सत्य बाहेर येते. कॅरिडियन हाच कोडोस. मात्र साक्षीदारांचे खून त्याने केलेले नाहीत. ते लेनोरने केले आहेत. बापाला भूतकाळापासून मुक्त करावे म्हणून! हे ऐकून बापच कोसळतो. आपल्या आयुष्यात एवढी एकच वस्तू रक्ताचा डाग न लागलेली उरली, असे तो समजत होता. लेनोर कर्कवर शस्त्र रोखते, बाप मध्ये येतो आणि मुलीच्याच हातून मरतो. अखेरीस डॉक्टर कर्कला सांगतो की तिला आता काहीच आठवत नाही. आपले वडील जिवंत आहेत आणि टाळ्यांच्या गजरात अजून प्रयोग करीत आहेत, असेच तिला वाटते.

ओळख कशावरून पटते?

या भागात ओळखीचे तीन पुरावे तपासले जातात. पहिला देहाचा. तो जळालेला, म्हणून निरुपयोगी. दुसरा आवाजाचा. मृत्युदंडाचा तोच जाहीरनामा कर्क नटाला वाचायला लावतो. नट कागदाकडे फारसे न पाहताच तो म्हणतो. जुन्या ध्वनिमुद्रणाशी यंत्र त्याची तुलना करते. आवाज जवळजवळ जुळतो, आणि या 'जवळजवळ' शब्दाशी कर्क अडखळतो. एका माणसाचा जीव 'जवळजवळ'वर घ्यायचा का? तिसरा पुरावा आठवणीचा. कर्कने तो चेहरा लहान वयात पाहिला होता. मध्ये वीस वर्षे गेली. शिवाय ज्या प्रसंगी तो पाहिला, तो प्रसंगच असा की, त्याची आठवण स्वच्छ राहणे कठीण.

मानसिक आघाताचा विचार येथे येतो. भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाची आठवण दोन टोकांना जाते. काही तपशील दगडावर कोरल्यासारखे राहतात, तर काही पुसलेच जातात. अशा आघातोत्तर विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० मध्ये. हा भाग त्याच्या चौदा वर्षे आधीचा आहे. लेखकाजवळ ती परिभाषा नव्हती, तरी त्याने तीन जखमी माणसे तीन तऱ्हांनी उभी केली. लेटनला खात्रीच वाटते. रायली खात्रीची वाट न पाहता शस्त्र घेऊन रंगमंचाच्या मागे जाऊन उभा राहतो. कर्क मात्र शंका सोडीत नाही. तिघांनाही न्याय हवा आहे. परंतु आपल्याला न्याय हवा आहे की केवळ एक चेहरा हवा आहे, हा प्रश्न तिघांपैकी एकटा कर्कच स्वतःला विचारतो.

नाटकातून अपराध्याचे मन उघडे करावे ही कल्पना शेक्सपिअरची. आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने 'हॅम्लेट' मराठीत आणले आणि गणपतराव जोशी यांनी ती भूमिका गाजवली. तेव्हा सोंगातून सत्य बाहेर काढण्याचा हा प्रकार मराठी प्रेक्षकाला परका नाही. मात्र खरा तोतया आपल्याकडे रंगभूमीच्या बाहेर, भर दरबारात उभा राहिला होता.

परतूरहून निघालेला सेनापती

पानिपतची गोष्ट आपण नेहमी दूरची म्हणून वाचतो. वस्तुतः तिची सुरुवात आपल्या मराठवाड्यात आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीर येथे निजामाचा पराभव केला. त्या तहात जो मुलूख मिळाला, त्यात आपल्या शहराच्या उशाशी असलेला दौलताबादचा किल्लाही होता. विजयाचे वारे अंगावर असतानाच उत्तरेतून दत्ताजी शिंदे पडल्याची वार्ता आली. आज जालना जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे मसलत झाली आणि १४ मार्च १७६० रोजी भाऊसाहेब तेथून उत्तरेकडे निघाले. वय तीस वर्षांच्या आत. दख्खनने त्यांना पुन्हा पाहिले नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. नोव्हेंबरपासून सैन्य पानिपत येथे अडकून पडले. दिल्लीकडून येणारी रसद तुटली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे होते. उपासमार सुरू झाली. टार्ससची कथा वाचताना मला ही छावणी आठवते, ती याच कारणाने. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. विश्वासराव गोळी लागून पडले. ते पाहून भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांना जिवंत पाहिल्याची निर्विवाद साक्ष नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पुढे फार्सीत हकीकत लिहिली. तिच्यावरून समजते की, भाऊंचे म्हणून जे प्रेत सापडले त्याला शीर नव्हते; अंगावरच्या खुणांवरून ते ओळखण्यात आले.

शीर नसलेले धड आणि टार्सस ग्रहावरचा जळालेला देह. दोन्ही ठिकाणी देह आहे, पण ओळख पटवील असा चेहरा नाही. ओळख पटवली ती शेकडो कोसांवरच्या माणसांनी, शत्रूच्या छावणीत. पुण्यापर्यंत जी आली ती नुसती बातमी. तीही मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर वारले. घरोघरी कोणी ना कोणी परतले नव्हते आणि नेमके काय झाले हे सांगणारा कोणी नव्हता. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतच्या छावणीत होत्या आणि तेथून परत आल्या होत्या. पती गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. सौभाग्यलेणे उतरवले नाही.

सुखनिधान

या पार्श्वभूमीवर बुंदेलखंडात एक मनुष्य प्रकट झाला. नाव सुखनिधान, जातीने कनोजी ब्राह्मण. 'मी भाऊ आहे' असे तो सांगू लागला. थोरले माधवराव पेशवे यांच्या कारकिर्दीत त्याला पुण्यास आणले गेले. भाऊसाहेबांना ओळखणाऱ्या माणसांकडून पारख झाली, तो तोतया ठरला आणि निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत राहिला. प्रकरण येथे संपायला हवे होते. तसे झाले नाही.

१७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या किल्ल्यावर कैदेत असता तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला सोडवून भाऊसाहेब म्हणून पुढे केले. पाहता पाहता कोकणातील बरेच किल्ले त्याच्या हाती गेले. फौज जमली, घाटापर्यंत धडक बसली. अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी बंड मोडले. तोतया कुलाब्याकडे पळाला. आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याच्या स्वाधीन केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्याला देहान्त शासन झाले. पुढे न. चिं. केळकरांनी याच विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते १९१३ मध्ये.

आता विचार करा. माणूस तोच, चेहरा तोच, एकदा तोतया ठरलेला. मग पहिल्या खेपेला जो तुरुंगात गेला, त्याच्यामागे दुसऱ्या खेपेला फौज कशी उभी राहिली? छायाचित्रे नव्हती हे माझे ठराविक उत्तर येथे लंगडे पडते. छायाचित्रे दोन्ही वेळी नव्हतीच.

बदलला होता तो काळ. माधवरावांच्या वेळी गादीवर करारी धनी होता. लोकांना भाऊंची उणीव भासली तरी आधार होता. १७७२ मध्ये माधवराव गेले. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यातच खून झाला. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. १७७६ मध्ये गादीवर होते दोन वर्षांचे सवाई माधवराव आणि कारभार बारभाईंचा. घरच्या माणसाने घरच्या माणसाचा जीव घेतल्यावर खरा धनी कोण, हा प्रश्न उघड्या जखमेसारखा ठसठसत होता. अशा वेळी पानिपतपूर्वीच्या दिवसांतला, उदगीर जिंकणारा भाऊ परत आला, ही वार्ता खरी असावी असे हजारोंना वाटले. परांजप्यासारख्याने तिचा स्वार्थासाठी उपयोग केला असेल. इतरांनी भीतीपोटी मान तुकवली असेल. परंतु स्वार्थ आणि भीती यांना चालना मिळावी, यासाठीही आधी कोणीतरी विश्वास ठेवावाच लागतो. आपल्या भाषेत म्हण आहे की, विश्वास पानिपतात गेला. म्हण बोचरी आहे. पण १७७६ चे कोकण पाहिले म्हणजे वाटते की, विश्वास गेला होता म्हणूनच लोक तो मिळेल तिथून उचलायला निघाले होते.

दोन फसवणुकी

कोडोस आणि सुखनिधान यांची फसवणूक वरवर एकसारखी दिसते. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या उलट आहेत. कोडोस हा खरोखरीचा मोठा अपराधी. तो सामान्य नट होऊन लपतो. सुखनिधान हा सामान्य माणूस. तो मोठा सेनापती होऊन प्रकट होतो. एकाला स्वतःचा भूतकाळ पुसायचा आहे, दुसऱ्याला परक्याचा भूतकाळ पांघरायचा आहे. नटाला विस्मरण हवे, तोतयाला स्मरण हवे. तरी दोघेही एकाच जागेवर उभे आहेत. ती जागा म्हणजे ज्याची ओळख नीट पटली नाही असा देह. तिथे राहिलेल्या फटीतूनच दोघेही आत आले.

आणखी एक उदाहरण देतो, म्हणजे मुद्दा एकांगी होणार नाही. बंगालमधील भवाल संस्थानचे कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंग येथे वारल्याचे जाहीर झाले. १९२१ मध्ये ढाक्यास आलेल्या एका संन्याशाला लोकांनी तेच कुमार म्हणून ओळखले. खटला चालत चालत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९४६ मध्ये निकाल संन्याशाच्या बाजूने लागला. तेथेही वादाचा गाभा हाच होता की, त्या दिवशी दहन नेमके कोणाचे झाले? परत आलेला प्रत्येक मनुष्य तोतया नसतो, हे या निकालाने दाखवले. म्हणूनच तर वाट पाहणाऱ्याला वेडे म्हणता येत नाही.

वाट पाहणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. हा तास संपल्यावर एकदा जालन्याकडची एक विद्यार्थिनी थांबली. तिच्या आत्याचे यजमान कामाला म्हणून परराज्यात गेले ते परतले नाहीत. गेली अकरा वर्षे खबर नाही. मध्यंतरी कोणी एक जण येऊन सांगून गेला, की तुमचा माणूस मी पाहिला, आजारी आहे, पैसे द्या, घेऊन येतो. आत्याने पाटल्या मोडून पैसे दिले. तो मनुष्य पुन्हा दिसला नाही. मी म्हणालो, "अरेरे, साध्या बाईला फसवले." मुलगी म्हणाली, "नाही सर. आत्याला माहीत होतं. पैसे देऊन तिला दोन महिने वाट बघायला मिळाली."

या वाक्याने माझे बरेच वर्षांचे उत्तर पुसले गेले. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा दुःखाचा स्वतंत्र विचार केला आहे. माणूस गेला असे म्हणता येत नाही, आहे असेही म्हणता येत नाही. त्या दुःखाला आपण संदिग्ध वियोग म्हणू. मृत्यूला तेरावा दिवस असतो, संदिग्ध वियोगाला तो नसतो. आपल्या पुराव्याच्या कायद्याने सात वर्षांची मर्यादा घातली आहे. तेवढा काळ ज्याची काहीच खबर नाही, त्याला मृत मानता येते. कायद्याला कोठेतरी थांबावेच लागते. मन त्या तारखेला थांबत नाही.

लेनोर आणि पार्वतीबाई यांची तुलना कोणी करील, म्हणून येथे सावध केले पाहिजे. लेनोरने सत्य स्वतःच्या हाताने घडवले आणि मग ते सोसवेना म्हणून बुद्धीने पाठ फिरवली. पार्वतीबाईंपुढे सत्य कोणी आणून ठेवलेच नाही. ज्या स्त्रीने स्वतः ती छावणी पाहिली, तिने ऐकीव बातमीवर कुंकू पुसण्यास नकार दिला, यात मला वेड दिसत नाही. पुराव्याबाबतचा काटेकोरपणा दिसतो. लोकांनी मात्र त्या नकाराच्या आधाराने तोतया उभा केला, हे तिचे दुर्दैव.

न घडलेले सांगण्याच्या दोन रीती

आता पुन्हा विज्ञानकथेकडे येऊ. पानिपतच्या याच जखमेवर मराठीत एक विज्ञानकथा आहे. डॉ. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर एका निराळ्याच जगात जातात. तेथे विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात चुकलेली आहे, मराठे जिंकलेले आहेत आणि पुढचा सारा इतिहास बदललेला आहे. ज्या विजयासाठी महाराष्ट्र दोनशे वर्षे हळहळला, तो येथे हाती येतो. पण त्याची किंमत पाहा. मुंबईत ते आपल्या मुलाची चौकशी करतात, तेव्हा त्या नावाचा कोणी नोकरीलाच नाही असे कळते. मैदानावरील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून ते सवयीने जाऊन बसतात आणि लोक त्यांना हुसकावून लावतात. जिंकलेल्या इतिहासात गंगाधरपंतांना जागा नाही. त्या जगात ते स्वतःच तोतया ठरतात! पराभव पुसला, तर पराभवातून घडलेले आपणही पुसले जातो, ही जाणीव वाचकाला कोणी उपदेश न करता होते.

नारळीकरांच्या लेखनाची सुरुवातही येथे आठवण्याजोगी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली पत्नी मंगलाताईंनी. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग खरे नाव उघड झाले. हीसुद्धा ओळख लपवणेच. परंतु हिच्यात कोणाचे नुकसान नाही, आणि खरे उघड करण्याची वेळ आधीच ठरलेली आहे. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेले आणि मे २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले हे शास्त्रज्ञ मराठी कथेत आले ते असे वेषांतर करून.

मला वाटते, सगळा फरक येथेच आहे. तोतया आणि विज्ञानकथा दोघेही न घडलेली गोष्ट सांगतात. भाऊ वाचला, असे तोतया म्हणतो. विश्वासराव वाचला असता तर, असे कथाकार म्हणतो. 'तर' हा एवढासा शब्द, पण त्याच्या अलीकडे फसवणूक आहे आणि पलीकडे विचार आहे. तोतया आपल्या जखमेवर बसून राज्य करतो. कथा जखम उघडी करते, तपासू देते आणि तास-दीड तासाने आपल्याला आपल्या जगात परत आणून सोडते.

उपसंहार

आज हा विषय केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. १९६६ च्या त्या भागात यंत्र दोन आवाजांची तुलना करून 'जवळजवळ' म्हणत होते. आता यंत्रे हवा तो आवाज आणि हवा तो चेहरा तयार करू लागली आहेत. मुलाच्या आवाजात फोन करून आईकडून पैसे उकळल्याच्या बातम्या आपण वाचतो. सुखनिधानाला अंगावर खुणा दाखवाव्या लागत होत्या. आजच्या तोतयाला अंगच लागत नाही. अशा वेळी 'ओळखता कसे आले नाही?' एवढेच विचारून भागणार नाही. फसलेल्याला हसण्याची आपली जी सवय आहे, ती त्याला आणखी एकटे पाडते, आणि एकट्या माणसाच्या दारी तोतया लवकर येतो.

यापुढे वर्गात तो नेहमीचा प्रश्न आला म्हणजे मी विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारणार आहे. त्या लोकांना भाऊ परत यायला का हवा होता? याचे उत्तर शोधताना पानिपतच्या लढाईबरोबर पानिपतनंतरची घरेही अभ्यासावी लागतील. कोण परतले नाही, कोणाची खबर आली, कोणाची आलीच नाही, मागे राहिलेल्यांना कोणी काय सांगितले. पत्रे, याद्या, जमाखर्च धुंडाळून एखाद्याच्या मृत्यूची जागा आणि तारीख नक्की करणे हे इतिहासाचे रुक्ष काम समजले जाते. मला आता ते तसे वाटत नाही. उशिरा का होईना, एखाद्या घराला खरी खबर पोचवण्याचे ते काम आहे.

ती विद्यार्थिनी या वर्षी पदवी घेऊन जाईल. आत्याची तक्रार पोलीस ठाण्यात पुन्हा नोंदवून घेतली, असे परवा तिने सांगितले. नाव, वय, उंची, उजव्या हातावर गोंदलेले अक्षर, असे सगळे तिने स्वतः लिहून दिले. खबर मिळेल न मिळेल. पण आत्या तिला म्हणाली म्हणे, की इतक्या वर्षांत त्यांच्या खुणा कोणी विचारल्याच नव्हत्या.